वैनगंगेकाठचा मार्कंडा

दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीजवळ वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानतात, म्हणूनच तिथल्या मार्कंडादेव या गावाला विदर्भाची काशी म्हणण्याची रीत आहे.

काठावरच्या एकाच आवारात मार्कंड्याची मंदिरे उभी आहेत. मुख्य मंदिर मार्कंडेय ऋषींचे, म्हणजे महादेवाचेच. मार्कंडेयाच्या आयुष्याची सोळा वर्षे भरली तेव्हा यम न्यायला आला आणि त्या मुलाने महादेवाच्या पिंडीला मिठी मारली, ही कथा झाडीपट्टीत घरोघरी सांगतात. त्या यमाचेही देऊळ याच आवारात आहे. ज्याच्या तावडीतून सुटायचे त्यालाही इथे पूजेचा मान आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात इथे आला आणि त्याला खजुराहोची आठवण झाली. ती साम्यस्थळे खरी आहेत. मंदिराची बाहेरची भिंत पाहत संथपणे प्रदक्षिणा घालावी. थरावर थर चढत जातात. शिव-पार्वती, सुरसुंदरी, मिथुने, हत्ती, हंस. हजारेक वर्षांपूर्वीच्या या कारागिरांनी दगडाचा हातभर कोपराही मोकळा सोडलेला नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात मूर्तींचे दागिने मोजता येतात.

पुढे कधीतरी वीज पडली, शिखराचा भाग मंडपावर कोसळला. मग एका गोंड राजाने आत जाड खांब आणि कमानी उभारून छत सावरले. जाणकार या ओबडधोबड कामाला नाके मुरडतात. मला ते पटत नाही. त्या खांबांच्या आधारानेच पुढच्या पिढ्यांनी इथे पूजा चालू ठेवली.

महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला आणि नदीचा हा पट्टा दोन जिल्ह्यांची हद्द ठरला. भाविकांनी ती मानली नाही. पलीकडच्या सावली तालुक्यातली माणसेही पात्र ओलांडून दर्शनाला येतात.

अलीकडे पुरातत्त्व विभागाने मुख्य मंदिराचे दगड उतरवून जीर्णोद्धार हाती घेतला, पण काम वर्षानुवर्षे रेंगाळले. उतरवलेला दगड उघड्यावर जितका काळ पडून राहील तितकी त्यावरची रेघ पुसट होत जाईल. दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी जत्रेपुरते दर्शनाला न येता हे काम तडीस जाईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.