रणभूमी पाहताना : आधी यमुना, मग काळा आंब

मागच्या आठवड्यात आपण वैजापूरजवळच्या पालखेडला होतो. १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावांनी तिथे निजामाची रसद आणि पाणी तोडलं आणि मोठी लढाई न करताच त्याला मुंगी-शेवगावचा तह करायला लावला. ३३ वर्षांनी तोच डाव मराठ्यांवर उलटला. म्हणून या भागात पानिपत.

दिल्लीला गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं एक दिवस पानिपतसाठी राखून ठेवतात. जीटी रोडने साधारण ९० किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर रात्रीच्या जेवणाला परत. बहुतेक गाड्या थेट काळा आंबच्या स्मारकाला जातात. विटांचा स्तंभ, त्यावरची लोखंडी सळई, भोवती बाग. सगळे हात जोडतात, फोटो काढतात. एवढ्यात एखादं लेकरू विचारतं, ‘‘आपण का हरलो?’’ आणि मोठ्यांची उत्तरं तोकडी पडतात.

त्या उत्तराची सुरुवात यमुनेवर होते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे : पानिपत शहरातून पूर्वेला सनौलीकडे जा, यमुनेच्या पुलापाशी सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि नदी बघून मगच काळा आंबला या.

१७६० च्या पावसाळ्यात ही नदी दुथडी भरली होती. मराठे पश्चिमेला, अहमदशाह अब्दाली पूर्वेला, दुआबात. ऑगस्टमध्ये मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी दिल्ली घेतली. ऑक्टोबरमध्ये उत्तरेला कर्नालजवळचं कुंजपुरा जिंकलं. तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य मराठ्यांच्या हाती आलं आणि नदीपलीकडे असलेला अब्दाली कुमक पाठवू शकला नाही. पाणी मराठ्यांच्या बाजूने होतं. त्या विजयानंतर भाऊ कुरुक्षेत्राकडे निघाले आणि दक्षिणेला बागपतजवळचे उतार मोकळे राहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी थोडं ओसरताच अब्दालीने तिथून सैन्य पार केलं. काही माणसं वाहून गेली, पण तो अलीकडे आला.

मुलांना नकाशावर हे दाखवाच. बागपत पानिपतच्या खाली आहे, दिल्लीच्या बाजूला. म्हणजे नदी ओलांडून अब्दाली मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. पुण्याकडून येणारी मदत, पैसा, पत्रं, सगळं त्याच वाटेने यायचं. भाऊ मागे फिरले, पानिपतला तळ टाकला, भोवती खंदक खणला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून जवळजवळ अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर होत्या.

अब्दालीचंही सगळं सुखाचं नव्हतं. त्याचं धान्य दुआबातून येई आणि मराठ्यांचे गोविंदपंत बुंदेले ती वाट तोडत होते. डिसेंबरमध्ये अचानक झालेल्या हल्ल्यात गोविंदपंत मारले गेले आणि अब्दालीची रसद मोकळी झाली. मराठ्यांच्या छावणीत मात्र सैनिकांसोबत बायका-मुलं होती, काशी-प्रयागच्या आशेने आलेले यात्रेकरू होते, व्यापारी होते, हजारो घोडे आणि बैल होते. एवढी तोंडं आणि बाहेरून दाणा नाही. कडाक्याची थंडी. शेवटी सरदारांनीच भाऊंना सांगितलं की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू.

हे सगळं सांगून झालं की काळा आंबला या आणि मुलांना दक्षिणेकडे तोंड करून उभं करा. १४ जानेवारी १७६१, बुधवार. मराठे याच दिशेने निघाले, कारण वाट तिकडेच होती. दुपारी सूर्य कुठे आहे ते मुलांनाच बघू द्या. थंडीत तो दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे थेट त्यांच्या डोळ्यांवर.

सकाळी मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्यांच्या पलटणींनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. मध्यभागी भाऊंच्या हल्ल्याने अब्दालीचा वजीर शाहवलीखान मागे रेटला गेला. उपाशी माणसांनी केलेला हा पराक्रम आहे, आणि तो अभिमानाने सांगावा. पण दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या जंबुरक तोफा पुढे काढल्या. मराठ्यांच्या हाताशी ताजं असं काहीच उरलं नव्हतं. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली, भाऊ गर्दीत शिरले आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. इब्राहिमखान शेवटपर्यंत भाऊंच्या बाजूने लढले, पकडले गेले आणि मारले गेले. हे नाव मुलांच्या लक्षात राहायला हवं.

पानिपतची चर्चा घरात निघाली की मल्हारराव होळकर रणातून का निघून गेले, भाऊ हत्तीवरून का उतरले, यावर वाद रंगतो. त्या एका दिवसाच्या चुका शोधताना आधीचे अडीच महिने नजरेआड होतात. मोहिमेत शौर्याइतकीच धान्याची गोणीही मोलाची असते, हे बाजीरावांना पालखेडला माहीत होतं. पानिपतला ते अब्दालीने वापरलं.

आणखी एक गोष्ट सांगायला विसरू नका. वाचलेल्या माणसांना भरतपूरच्या सूरजमल जाटांनी आसरा दिला. त्यांच्या आश्रयामुळे भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंसह अनेक जण दक्षिणेत परतू शकले. हरियाणातला रोड समाज आज स्वतःला त्या युद्धात मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो. दरवर्षी १४ जानेवारीला काळा आंबला शौर्यदिन होतो, तेव्हा ही मंडळी आणि महाराष्ट्रातून गेलेले लोक एकत्र जमतात. त्या दिवशी जाता आलं तर जरूर जा, मात्र सकाळच्या धुक्याचा हिशोब ठेवून निघा.

वेळ उरला तर शहरात इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराने बांधलेली काबुलीबाग मशीद आहे. १५२६ च्या पहिल्या लढाईच्या या खुणा पाहिल्या की दिल्लीच्या वाटेवरचं हे गाव पुन्हा पुन्हा रणांगण का झालं, तेही मुलांना कळेल.

पुढच्या आठवड्यात खर्डा. पानिपतनंतर ३४ वर्षांनी, १७९५ मध्ये, मराठी सरदार पुन्हा एका झेंड्याखाली निजामासमोर उभे राहिले. तिथेही किल्ला बघण्याआधी आपण रसदीची वाट शोधू.