अर्ध्या किलोचा हिशेब

किराणा दुकानाच्या काट्यावर तूरडाळीऐवजी सायकलचं चाक ठेवलेलं दुकानदाराने पहिल्यांदाच पाहिलं असावं. चाक माझ्या भाच्याचं. तो बुऱ्हाणपुरात राहतो आणि दर रविवारी पहाटे हायब्रिड सायकल काढून खांडव्याच्या रस्त्याने असीरगडापर्यंत जाऊन येतो. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. गेले दोन महिने त्याचं एकच टुमणं होतं, "मामा, चाकं फार जड आहेत. हलकी घ्यायचीयेत." नव्या जोडीने अर्धा किलो वजन कमी होणार होतं आणि खिसा त्याहून बराच जास्त. म्हटलं, पैसे मोजण्याआधी वजन मोजू.

पुढचं चाक भरलं दोन किलो. टायर-ट्यूब उतरवून पुन्हा ठेवलं, तर रिम, स्पोक आणि हब मिळून १,०६० ग्रॅम. उरलेल्यात टायर ७६० आणि ट्यूब १८०. म्हणजे चाकाचं जवळजवळ निम्मं वजन रबराचंच, आणि तेही अगदी बाहेरच्या कडेला. भाचा ज्या रिम-हबच्या मागे लागला होता, ती यातली एकच बाजू.

कडेच्या वजनाला एवढं महत्त्व का, हे कुंभाराला विचारावं. त्याचं जुन्या पद्धतीचं चाक मुद्दाम जड असतं आणि वजन कडेकडे असतं. काठीने एकदा जोरात फिरवलं की मडकं उतरेपर्यंत फिरत राहतं. कडेला वजन असेल तर चाक फिरवायला जोर जास्त लागतो, पण ते थांबतही लवकर नाही. कुंभाराला हवा तो गुण सायकलवाल्याला नकोसा वाटतो, कारण त्याला चाक पुन्हा पुन्हा फिरवायचं असतं.

आता हिशेब. सायकल पुढे जाते तेव्हा चाक दोन कामं करतं, पुढे सरकतं आणि स्वतःभोवती फिरतं. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग त्या क्षणी स्थिर असतो, तर सगळ्यात वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने धावत असतो. सगळ्या भागांची गतिज ऊर्जा एकत्र केली, की कडेचा प्रत्येक ग्रॅम सायकलला वेग देताना दोन ग्रॅमसारखा भरतो. हबमधल्या ग्रॅमला हे लागू नाही, तो मध्याशीच असतो. 'चाकाचं वजन दुप्पट लागतं' ही सायकलवाल्यांची म्हण इथून आली. ती खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते.

भाचा, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ८५ किलो धरू. थांबलेल्या अवस्थेतून ताशी २० किलोमीटरपर्यंत यायला सुमारे १,३०० ज्यूल ऊर्जा लागते. वाचलेला अर्धा किलो सगळा कडेचाच होता असं मानलं, तरी प्रत्येक वेळी वाचतात १५ ज्यूल. पाण्याची एक लिटरची बाटली जमिनीवरून दीड मीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. चौकात, गतिरोधकावर, गाई-म्हशींसाठी मिळून रविवारी पन्नास वेळा थांबावं लागलं, तर बचत ७५० ज्यूल. शरीर खाल्लेल्या अन्नातली साधारण एक चतुर्थांश ऊर्जाच पेडलपर्यंत पोहोचवतं, तेही धरलं तर ही बचत एका शेंगदाण्याच्या पावभागाएवढी होते. दुकानात शेंगदाण्याचं पोतं समोरच होतं. मी एक दाणा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"आणि चढावर?" त्याने विचारलं. असीरगड भोवतालच्या मैदानापासून सुमारे २५० मीटर उंच आहे. चढावर वेग फारसा बदलत नाही, त्यामुळे चाकाचं 'दुप्पट' प्रकरण तिथे संपतं. किलो म्हणजे किलो, मग तो चाकात असो, सीटखाली असो की पोटात. ८५ किलोतला अर्धा किलो म्हणजे ०.६ टक्के. अर्ध्या तासाच्या चढाईत वाचणार जास्तीत जास्त दहा सेकंद. बाटलीतलं पाणी पायथ्याशीच पिऊन सायकल हलकी करावी, तर तेही जमत नाही. बाटलीतलं वजन पोटात जातं, गडावर तेवढंच पोचतं.

मग हलकी चाकं टाकलेली सायकल चपळ कशी वाटते? पेडलचा पहिला रेटा दिला की ती चटकन उठते, हा अनुभव खोटा नाही. फक्त ती चपळाई मोजली, तर टक्का-सव्वा टक्का भरते. शिवाय चाकं बदलताना बहुतेक जण टायरही नवे टाकतात. खरी करामत बहुधा त्यांचीच असते.

टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. चपटं करायला लागलेली सगळी ऊर्जा तो परत देत नाही. कणकेचा गोळा जमिनीवर टाकला तर उसळत नाही, रबरी चेंडू उसळतो. टायर या दोघांच्या मधला. जाड, कडक, पंक्चररोधक पट्टी घातलेला टायर कणकेच्या बाजूला झुकतो, पातळ आणि लवचिक टायर चेंडूच्या. जड टायरला एकूण वजनाच्या हजारात सुमारे आठ भाग जोर सतत खर्ची पडतो, चांगल्या टायरला पाच. ८५ किलोसाठी हा फरक ताशी २० किलोमीटरला १४ वॅट होतो. वाऱ्याचा विरोध धरून लागणाऱ्या सुमारे १०० वॅटमधले १४. दोन तासांच्या रपेटीत वाचतात जवळजवळ एक लाख ज्यूल. शेंगदाण्यांत सांगायचं तर मूठभर.

ही गोष्ट सायकलच्या इतिहासाने फार पूर्वी दाखवली आहे. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम हा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून शर्यतींत उतरला आणि भरीव रबरावर धावणाऱ्यांना मागे टाकून जिंकला. रस्त्याचे खाचखळगे हवेने पोटात घेतले, म्हणून माणूसही कमी हादरला आणि ऊर्जाही कमी वाया गेली.

हवेचाही हिशेब आहे. कमी हवा असेल तर टायर जास्त चपटा होतो. पण खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टणक टायर सगळे धक्के स्वाराच्या अंगात पाठवतो, म्हणजे ऊर्जा तिकडे जाते. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहाटे २५ अंशांना ६० पीएसआय भरलेला टायर दुपारी उन्हात तापून ६० अंशांवर गेला, तर दाब ६९ च्या आसपास जातो. हवा भरताना थोडी जागा ठेवलेली बरी.

पातळ टायरला बाभळीचा काटा लवकर लागतो. शेताकडेच्या कच्च्या वाटेने रोज जाणाऱ्याला जाड टायरच शहाणपणाचा. तसंच कमी स्पोकांच्या हलक्या चाकाचंही. चाकातला एकेक स्पोक सुमारे शंभर किलोच्या ताणाने ओढलेला असतो. आपण बसलो की खालचे स्पोक थोडे सैल पडतात, फिरून वर गेले की पुन्हा ताणले जातात. स्पोक जितके कमी, तितकी प्रत्येकाची ओढाताण जास्त, आणि एखादा तुटला की चाक लगेच 'आऊट' होतं. दुधाचे कॅन किंवा कापडाचे ताके लादून निघणाऱ्या जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला चाळीस स्पोक का, त्याचं उत्तर हेच.

एवढं करूनही चाकं बदलायचीच असतील, तर आधी चार गोष्टी पाहाव्यात. टायरवर छापलेला ६२२ हा मिलिमीटरमधला आकडा जुळतो का, डिस्क ब्रेकची चकती नव्या हबवर बसते का, मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट, आणि ॲक्सल फ्रेमच्या मापाचा आहे का.

भाच्याने अखेर फक्त टायर बदलले. त्याआधी आम्ही घरगुती प्रयोग केला. वारा पडलेल्या सकाळी सपाट, रिकाम्या रस्त्यावर तो ताशी २० च्या वेगाने एका खुणेपर्यंत आला, तिथून पेडल थांबवलं, आणि सायकल जिथे थांबली तिथे मी खडूने रेघ मारली. मग उलट्या दिशेने तसंच. नवे टायर घातल्यावर तो दोन्ही दिशांना जुन्या रेघेच्या चाळीसेक पावलं पुढे गेला.

पुढच्या रविवारी गडावरून त्याचा फोन आला. धापा टाकत म्हणाला, "मामा, चढ होता तेवढाच आहे." चढाला टायरचं कौतुक नसतं, त्याचा हिशेब ८५ किलोंशी असतो. त्यातला सगळ्यात मोठा आकडा फोनवर बोलत होता.