दोन निशाणांमधला समुद्र

आपल्याकडे थंडी पडते त्या डिसेंबर-जानेवारींत ऑस्ट्रेलियांत उन्हाळा असतो. सिडनीचीं कुटुंबें फराळाची टोपली घेऊन बोटीनें अर्ध्या तासांत मॅन्लीला जातात, किंवा बाँडायच्या वाळूवर दिवस घालवितात. तेथें लाल-पिवळीं निशाणें रोवलेलीं असतात. पोहावयाचें तें त्यांच्या मधोमधच.

कारण असें : लाटांनीं लोटलेलें पाणी परततांना चिंचोळ्या वाटेनें वेगानें समुद्रांत शिरतें. ती वाट खोल असल्यामुळें तेथें लाटा फारशा फुटत नाहींत. म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. ६ फेब्रुवारी १९३८ रोजीं बाँडाय येथें मोठ्या लाटांमागून आलेल्या ओढीनें शेंकडों लोक खेंचले गेले. जीवरक्षकांनीं बहुतेकांस वांचविलें, तरी पांच जण दगावले.

ओढींत सांपडल्यास तिच्याशीं झुंजूं नये. तरंगत राहावें, हात वर करून मदत मागावी; जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून बाजूस व्हावें.

आज आपलीं कित्येक मुलें तिकडे शिकावयास जातात. त्यांना निरोप देतांना इतकें अवश्य सांगा : शांत दिसणारें पाणी शांत असतेंच असें नाहीं.