उष्ण हवेतली डेलिली : आधी जात बघा, मग पाणी

डेलिली मूळची चीन, कोरिया, जपानकडची. तरी फ्लोरिडाच्या उकाड्यातही ती भरभरून फुलते. याचं श्रेय बहुतेक जण तिच्या मुळांना देतात. त्यात तथ्य आहे: माती उकरली की जाड, मांसल मुळं हाती लागतात, आणि काहींवर मधेच गाठीसारखे फुगवटे असतात. पाणी आणि अन्नाचा साठा तिथेच. पण अशी मुळं थोड्याफार फरकाने सगळ्याच डेलिलींना असतात. मग फ्लोरिडात काही जाती वर्षागणिक खंगत का जातात? कारण हिवाळ्यात पानं पूर्ण वाळून सुप्त होणाऱ्या अनेक जातींना थंडीची विश्रांती लागते, आणि ती तिथे पुरेशी मिळत नाही. सदाहरित जातींचं तिच्यावाचून अडत नाही.

कुणी म्हणेल, उन्हाळ्यात पानं पिवळी पडतात, मग काटकपणा कुठला? पण पाणी तुटलं की पानं सोडून देणं हाच तिचा बचाव आहे. ओल मिळाली की ती पुन्हा फुटते. मात्र तगणं वेगळं आणि फुलणं वेगळं. कळ्या धरताना पाणी हवंच. गडद लाल-जांभळी फुलं दुपारच्या उन्हात लवकर विटतात, फिकट पिवळी त्यामानाने टिकतात. म्हणून उष्ण भागात सदाहरित जातच मागा, आणि गडद रंगांना दुपारची सावली द्या.