एकच विषाणू, दोन खाटा

१९५६ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली आणि त्यांच्यात एक नवा विषाणू सापडला. लवकरच तो आजारी बाळांतही मिळाला. हाच आरएसव्ही.

आपल्याला त्याने नुसती सर्दी होते. तान्ह्या बाळाला मात्र कधीकधी रुग्णालयात न्यावे लागते. का बरे? त्याच्या श्वासनलिका मुळातच अरुंद. सूज आणि चिकट स्राव यांमुळे नळीची त्रिज्या निम्मी झाली, की हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट वाढतो. (त्रिज्येचा चौथा घात! वर्गात हे गणित जरूर करून पाहावे.) बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते. दुखणे डोळ्यांना दिसते.

आजोबांच्या नळ्या रुंद असतात, पण प्रतिकारशक्ती मंदावलेली. ताप ही प्रतिकाराचीच खूण, त्यामुळे तो कित्येकदा चढतच नाही. ते जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात. आपण म्हणतो, 'वय झालं.' जुना दमा किंवा हृदयविकार उफाळतो आणि केसपेपरवर त्याचेच नाव लागते. नाकातल्या स्रावात विषाणूही कमी, म्हणून तपासणीतूनही तो निसटतो. हा लहान मुलांचाच रोग, ही समजूत त्यामुळे फार काळ टिकली. साठीपुढच्यांसाठी पहिली लस अमेरिकेत मंजूर झाली ती २०२३ साली.