विद्युतीकरण आणि घरगुती वायरिंगची अदृश्य गुणवत्ता

विद्युतीकरणाचे मूल्यमापन करताना सामान्यतः जोडण्यांची संख्या विचारात घेतली जाते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या व मार्च २०२२ मध्ये संपलेल्या ‘सौभाग्य’ योजनेच्या काळात अडीच कोटींहून अधिक कुटुंबांपर्यंत वीज पोहोचली. ही उपलब्धी मोठीच आहे. मात्र मीटरच्या पुढील वायरिंग किती सुरक्षित आहे, हे या आकड्यावरून समजत नाही. देशात २०२१ या एका वर्षात विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. हे सर्व मृत्यू घरांत झालेले नसले, तरी प्रश्नाचे गांभीर्य त्यातून स्पष्ट होते.

दोष कोठे निर्माण होतो?

घरातील तारा बहुधा पीव्हीसी पाइपातून स्विचबोर्डाच्या किंवा जंक्शनच्या बॉक्सपर्यंत नेल्या जातात. पाइप करवतीने कापला की आतील कडेला खरखरीत धार राहते. बॉक्स पत्र्याचा असल्यास त्याच्या छिद्राची कडही तीक्ष्ण असते. तारा ओढताना नेमके येथेच त्यांचे आवरण खरवडले जाते. कालांतराने तांबे उघडे पडून बॉक्सला टेकले आणि बॉक्सला अर्थिंग नसले, तर स्पर्श करणाऱ्यास धक्का बसतो. प्लास्टिकचा पाइप वीजवाहक नसल्यामुळे अर्थिंगची तार बॉक्सपर्यंत स्वतंत्रपणे न्यावी लागते.

उपाय साधा आहे. पाइपाची कड कानशीने गुळगुळीत करावी, तो अडॅप्टरने बॉक्सला घट्ट बसवावा, तोंडाशी गोलसर कडेचा बुश लावावा आणि पाइपात तारांची दाटी करू नये. यासाठी येणारा खर्च अवघ्या काही रुपयांचा असतो.

अर्थशास्त्रीय अन्वयार्थ

मग हा खर्च का टाळला जातो? वायरिंगची मजुरी अनेकदा ‘पॉइंट’च्या दराने ठरते, त्यामुळे वेगाला मोबदला मिळतो, काळजीला मिळत नाही. काम भिंतीआड गेल्यावर ग्राहकाला त्याची प्रत पारखता येत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये विशद केलेल्या असमान माहितीच्या समस्येचे हे उत्तम उदाहरण होय. चांगले आणि निकृष्ट काम सारखेच दिसू लागले की बाजारात स्वस्त काम टिकते आणि जोखीम ग्राहकाच्या माथी येते.

म्हणूनच वायरिंगसाठी भारतीय मानक आयएस ७३२ आणि परवानाधारक ठेकेदाराची अट यांना आर्थिक महत्त्व आहे. तथापि, केवळ अंतिम चाचणी पुरेशी नाही. आवरण खरवडले असले तरी पूर्ण फाटलेले नसेल, तर ते इन्सुलेशन चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. त्यामुळे बॉक्स बंद करण्यापूर्वीच तपासणी होणे आणि बुश व अर्थिंग यांचा उल्लेख दरपत्रकात स्वतंत्रपणे असणे आवश्यक आहे. विद्युतीकरणाचे यश जोडण्यांच्या संख्येबरोबरच त्या जोडण्यांच्या सुरक्षिततेवरही मोजले गेले पाहिजे.