माला-एन : पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट



कर्जाचा हप्ता, व्याज, दंड हे सगळं आपण गटाच्या बैठकीत मोकळेपणानं बोलतो. गोळीचा प्रश्न मात्र बैठक संपल्यावर, चपला घालताना हळूच विचारला जातो. मग उत्तरही अर्धवटच मिळतं. आणि पुढे कधी तरी गावात बातमी पसरते, "गोळ्या खाऊनसुद्धा तिला दिवस राहिले, काही उपयोग नाही त्या गोळ्यांचा." अशा ताईंशी निवांत बसून बोललं की बहुतेक वेळा कळतं की गोळ्या घेण्यात मध्येच कुठे तरी खंड पडला होता. तो खंड कुठे पडतो आणि पडल्यावर काय करायचं, त्याबद्दल आज बोलू.

आपल्या उपकेंद्रात मोफत मिळते ती माला-एन. आशाताईंकडेही ती असते. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत दोन संप्रेरकं असतात, म्हणजे आपल्या शरीरात पाळीचं चक्र चालवणारे रस असतात ना, तसेच, पण ठरावीक मापात. उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या, रक्तवाढीच्या. पांढरी गोळी रोज पोटात गेली की अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही. बीजच नाही तर गर्भ राहणार कसा? गडद गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

आता नीट लक्ष द्या. गडद गोळ्यांचे ७ दिवस संप्रेरक बंद असतं. तेवढी सुट्टी अंडाशयाला चालते, ते झोपलेलंच राहतं. पण सुट्टी ९-१० दिवसांची झाली की ते जागं व्हायला लागतं. म्हणून पाकीट संपल्यावर नवं पाकीट सुरू करायला उशीर होणं हा सगळ्यात धोक्याचा खंड. पाळी चालू असो की थांबलेली, २८ वी गोळी झाली की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी. "पाळी जाऊ दे, डोक्यावरून पाणी घेऊ दे, मग सुरू करते" असं बऱ्याच जणी म्हणतात. तेवढ्यात फसगत होते.

पहिल्यांदा सुरू करताना पाळी आल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करा, म्हणजे गोळी लगेच काम करते. त्यानंतरही सुरू करता येते, पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी आणि पहिले ७ दिवस सोबत निरोध वापरायला हवा. गर्भपातानंतर लगेच सुरू केली तरी चालते. वेळ रोज साधारण एकच ठेवा. रात्रीच्या भाकरीनंतर घेतली तर मळमळ कमी होते.

नवरा पुण्या-मुंबईला कामाला आहे आणि सणाला किंवा जत्रेलाच घरी येतो, म्हणून तो आला की तेवढे चार दिवस गोळी घ्यायची, असंही चालतं आपल्याकडे. याचा उपयोग शून्य. ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी लागेल तेव्हा घ्यायची नाही. रोज घेणं पटत नसेल तर अशा घरात निरोधच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या कुठल्या गोळ्याही यात मिसळू नका. ७२ तासांच्या आत घ्यायची ती तातडीची गोळी वेगळी, पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी वेगळी, गर्भपाताची तर फारच वेगळी. दुकानदारानं कागदात बांधून दिलेली गोळी यातली नेमकी कोणती, ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता विसरण्याबद्दल. माणूस आहे, विसरणारच. एक पांढरी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि त्या दिवसाची ठरल्या वेळी घ्या. एकाच दिवशी दोन झाल्या तरी घाबरायचं कारण नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर आठवताच एक घ्या, पुढे रोजच्यासारख्या चालू ठेवा, पण ७ दिवस निरोध वापरा किंवा संबंध टाळा. राहिलेल्या सगळ्या एकदम गिळू नका, नुसती उलटी होईल. हे पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात घडलं असेल तर या खेपेला गडद गोळ्या सोडून द्या आणि पांढऱ्या संपल्या की सरळ नवं पाकीट सुरू करा. त्या महिन्यात पाळी येणार नाही, काळजी करू नका. पाकिटाच्या सुरुवातीलाच खंड पडला आणि त्याच्या आगेमागे संबंध आला असेल तर मात्र वाट न बघता लगेच आशाताई किंवा सिस्टरांकडे जा, तातडीची गोळी लागू शकते. गडद गोळी विसरली तर ती फेकून द्या, काही बिघडत नाही.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या पाकिटातली एक पांढरी घ्या. दोन दिवसांपेक्षा जास्त उलट्या-जुलाब चालले तर त्या गोळ्या राहिल्या असंच समजा आणि वर सांगितलं तसं करा.

शंभर जणींनी वर्षभर एकही गोळी न चुकवता घेतली तर एकीलाही दिवस राहणं अवघड. प्रत्यक्षात विसरणं, उशीर हे धरून शंभरात साधारण ७ जणींना राहतात. मधला सगळा फरक वर सांगितलेल्या खंडांचा आहे.

पण ही गोळी सगळ्यांसाठी नाही. जावेला चालली म्हणून तिच्या पाकिटातली आपण घ्यायची, हे बंद करा. सुरू करण्याआधी बीपी मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि उपकेंद्रात होतं. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी नको. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईलाही नको, दुधावर परिणाम होऊ शकतो. तिच्यासाठी छाया ही गोळी आहे. तिच्यात संप्रेरक नसतं, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. हृदयविकार, लकवा, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, स्तनाचा कर्करोग, लिव्हरचा आजार किंवा कावीळ यातलं काही असेल, डोळ्यांसमोर चमकून मग अर्धं डोकं दुखत असेल, वय ३५ च्या पुढे असून बिडी ओढत असाल, तर माला-एन घेऊ नका. मधुमेह किंवा सिकलसेल असेल, अंगावरून मध्येच रक्त जात असेल आणि कारण माहीत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि टीबीची औषधं किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर न लाजता सांगा. त्यातल्या काही औषधांनी माला-एनचा असर कमी होतो, मग एकही गोळी न चुकवता दिवस राहू शकतात.

पहिले दोन-तीन महिने मळमळणं, छाती जड वाटणं, थोडं डोकं दुखणं, मध्येच कपड्याला डाग लागणं हे होतं आणि बहुतेक जणींचं आपोआप थांबतं. याच काळात "मला गरम पडल्या" म्हणून पाकीट अर्ध्यावर सोडलं जातं. सोडायचंच असेल तर सोडा, पण त्याच दिवसापासून दुसरं साधन वापरा. पोटात गोळ्यांचा गोळा होत नाही, त्या भाकरीसारख्याच पचतात. मूल हवं असेल तेव्हा गोळी बंद करा, पाळीचं चक्र परत सुरू होतं. मधूनमधून गोळीला "आराम" देण्याचीही गरज नाही. उलट रक्तस्राव कमी होतो, पाळीत पोट दुखणं कमी होतं. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासावर आधी तपासणी आणि औषधं असतात, एवढं तरी आपण एकमेकींना सांगत राहू.

मात्र पोटरीत एकाच पायाला सूज आणि जोराची कळ, छातीत दुखणं किंवा दम लागणं, पोटात असह्य दुखणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, अचानक अंधुक दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काही झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. "गोळी चालू आहे" हे डॉक्टरांना आधी सांगा. असं क्वचितच होतं, पण झालं तर उद्यावर ढकलायचं नाही.

गोळ्या नीट घेऊनही एखाद्या महिन्यात पाळी आली नाही तर नवं पाकीट वेळेवर सुरू करा. मध्ये गोळ्या राहिल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा पाळी आली नाही, तर आशाताईंकडून निश्चय किट घेऊन तपासा. दिवस असताना नकळत गोळ्या घेतल्या गेल्या तर बाळात व्यंग येत नाही, फक्त कळल्यावर बंद करा. आणि या गोळीनं एचआयव्ही किंवा गुप्तरोग अडत नाहीत, त्यासाठी निरोधच लागतो.

शेवटी, कोयता घेऊन जाणाऱ्या ताईंसाठी. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात त्या पाच-सहा महिन्यांसाठी. तिकडे फडावर आशा कोण, उपकेंद्र कुठे, काही माहीत नसतं आणि पाकीट नेमकं तिथेच संपतं. निघण्याआधी बीपी तपासून तेवढ्या महिन्यांची पाकिटं मागून घ्या, आणि वर एक जास्तीचं. उचल घेतली त्याच आठवड्यात हे काम उरका, ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यावर होत नाही. कोपीत पाकीट पाण्यापासून आणि लेकरांच्या हातापासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवा. गाडी भरायला मध्यरात्री कधीही हाक येते, म्हणून झोपतानाची वेळ धरू नका, संध्याकाळी चूल पेटवाल तेव्हाची धरा. टोळीत गोळी घेणाऱ्या दोघी-तिघी असाल तर एकमेकींना "घेतली का गं?" एवढं रोज विचारा. पाकिटं कमी पडली तर आपल्या गावच्या आशाताईंना फोन करा, तिथलं जवळचं केंद्र कुठलं ते त्या विचारून सांगतील. त्यांचा नंबर गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा.